एक किंवा अनेक

राजारामपुरी, बेकरीच्या वरचा मजला.
रात्रीचे दीड. तिकडे ओहायोत
टळटळीत दुपार असेल,
आणि तिथल्या कुणाच्या तरी यकृताचा अहवाल
माझ्या पडद्यावर.

वय एकाहत्तर. पुरुष. नाव झाकलेलं.
तीन गाठी. सुया त्वचेतून आत,
आर्गॉन सोडला, दहा मिनिटं बर्फ,
आठ मिनिटं वितळू दिलं,
परत दहा मिनिटं बर्फ.
स्कॅनवर तो गोळा काळा दिसतो.
डॉक्टर लिहितात, गाठीच्या कडेबाहेर
सेंटिमीटरभर गेला, समाधानकारक.

४७३८३.
एकदाच.
पुस्तकात म्हटलंय, एक किंवा अनेक.
नव्या पोरी इथं हटकून चुकतात.
हर्षदा चौगुलेनं पहिल्या आठवड्यात
तीन गाठींना तीनदा लावला होता,
दावा फिरून आला, ती डबा न उघडता बसली.
मी म्हटलं, अगं, गाठी त्यानं मोजायच्या,
ज्याच्या पोटात आहेत त्यानं.
आपण एकदा लिहायचं.

पण आजच्या अहवालात खोट आहे.
मथळ्यात उष्णतेने, मजकुरात बर्फाने.
जाळणं आणि गोठवणं,
मध्ये फक्त एका आकड्याचं अंतर:
ब्याऐंशी, त्र्याऐंशी.
इरफान बागवान म्हणतो, मजकूर धर आणि पुढं हो,
आर्गॉन काय कुणी चुलीत घालतं?
मलाही दिसतंय काय झालं ते.
तरी विचारणा टाकते: कृपया स्पष्ट करावे.
लिहिलं नाही ते झालं नाही,
धंद्यात आल्यावर पहिल्या दिवशी हेच शिकवलं.

मला ते आधीपासून येत होतं.

आबा उद्यमनगरात साचे भरायचे.
सव्वीस वर्षं तांबडं लोखंड ओतलं,
मस्टरवर नाव त्यातली नऊ.
बाकीची बदली म्हणून,
मालकाच्या डायरीत, शिसपेन्सिलीनं.
फंडाच्या कचेरीत साहेब म्हणाला,
कागद नाही म्हणजे तुम्ही तिथं नव्हता.
आबांनी बाही वर सारली,
मनगटापासून कोपरापर्यंतचा चट्टा दाखवला.
साहेबानं बघितला.
मग म्हणाला, पुढचा.
मी दहावीत होते. बाकावर बसून
त्यांची पिशवी धरली होती.

नोकरी लागली तेव्हा त्यांना समजावताना
यकृत म्हणून चाललं नाही,
काळीज म्हणाले, रविवारी खाटकाकडं मागता ते.
"काळजात बर्फ?" आबा थांबले.
"आन् मानूस ऱ्हातोय?"
राहतो, आबा. गाठ मरते.
"मग पैसं कशाचं? सुईचं का बर्फाचं?"
लिहिलेल्याचं.
ते हसतील असं वाटलं होतं.
उठून मोरीवर गेले, बराच वेळ
पाण्याचा आवाज येत राहिला.

पावणेपाचला उत्तर आलं. दीड ओळ.
बर्फ. मथळा जुन्या नमुन्यातला राहून गेला.
त्र्याऐंशी लावला, स्कॅनच्या मदतीचा वेगळा,
दावा गेला.
एकाहत्तर वर्षांच्या त्या माणसाला
कळणारही नाही की कोल्हापुरात कुणी
तीन तास त्याच्यासाठी एक शब्द अडवून धरला.
न कळू दे.

गंगावेशीत म्हशी उभ्या असतात.
आबा लुनाला टेकून, हातात दोन ग्लास.
"आलं का उत्तर?"
आलं. बर्फच.
ते मान हलवतात, जणू त्यांच्याच कामाचं काही
कुठंतरी नीट चढलं.
दूध धारोष्ण, जेमतेम कोमट,
तरी पिण्याआधी ते फुंकर घालतात.